एकच रेषा रुंद का येते? रेणूचे फिरणे आणि रासायनिक विनिमय यांतला घोळ सोडवताना

तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. द्रव नमुन्याचा प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या केंद्रकांचा स्पेक्ट्रम) घेतला, बहुतेक रेषा सुईसारख्या बारीक आल्या, परंतु एक-दोन रेषा मात्र बसक्या, पसरट आणि पायथ्याशी विरून गेलेल्या दिसल्या. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो : द्रावण दाट झाले असेल, रेणू हळू फिरत असतील, थोडे तापवून पाहा. तापवल्यावर रेषा कधी सुधारते, कधी आणखी बिघडते, तर कधी पार नाहीशी होते, आणि नमुना तयार करणारा बिचारा तिसऱ्यांदा शुद्धीकरणाला लागतो. नमुना बहुतेक वेळा शुद्धच असतो. चूक निदानात असते, कारण रेषेची रुंदी दोन अगदी वेगळ्या हालचालींमुळे वाढू शकते आणि तापवणे ही त्या दोहोंना वेगळे करणारी सर्वांत कमकुवत कसोटी आहे.

एक ओळखीचा नमुना समोर ठेवू. एन-बेन्झॉइल पिपरिडीन ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून सामान्य तापमानाला ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर पाहिले, तर बेन्झीन वलयाचे पाच प्रोटॉन ७.४ पीपीएमच्या आसपास नीटनेटके दिसतात. परंतु नायट्रोजनला लागून असलेल्या दोन मेथिलीन गटांच्या जागी ३.७ आणि ३.३ पीपीएमला दोन पसरट उंचवटे उभे राहतात. टीएमएसची, म्हणजे शून्य ठरवायला घातलेल्या संदर्भ-पदार्थाची, रेषा त्याच स्पेक्ट्रममध्ये अर्ध्या-पाऊण हर्ट्झची असते. पुढचा बहुतेक विचार या एकाच उदाहरणाला धरून करता येतो.

यंत्राचा दोष आधी बाजूला काढावा, आणि त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. शिमिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सारखे करण्याची जुळवणी, बिघडले असेल किंवा तळाशी न विरघळलेला कण असेल, तर द्रावकाची उरलेली रेषा आणि टीएमएस हेही रुंदावतात. ते बारीक असतील तर शिमिंगच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण चुंबकीय क्षेत्रातला असमानपणा एका रेषेला सोडून दुसरीला धरत नाही.

आता मूळ प्रश्न. रेणू द्रवात फिरतो तेव्हा त्यातल्या शेजारी प्रोटॉनांची एकमेकांवर पडणारी स्थानिक चुंबकीय क्षेत्रे सतत दिशा बदलत राहतात, आणि त्या चाळवाचाळवीमुळेच शिथिलन, म्हणजे प्रयोगशाळेत आपण ज्याला रिलॅक्सेशन म्हणतो ते, घडून येते. रेणूला आपली दिशा साधारण एका रेडियनइतकी विसरायला जो वेळ लागतो त्याला सहसंबंध काल म्हणतात. गोलाकार रेणूसाठी त्याचा अंदाज सरळ आहे : रेणूचे आकारमान गुणिले द्रवाची विष्यंदिता (म्हणजे दाटपणा), भागिले औष्णिक ऊर्जा. ०.३ नॅनोमीटर त्रिज्येचा रेणू २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात असेल तर हे उत्तर सुमारे २५ पिकोसेकंद येते. २ नॅनोमीटर त्रिज्येच्या प्रथिनासाठी तेच गणित ७ नॅनोसेकंदांच्या घरात जाते, कारण त्रिज्या घनाच्या हिशेबाने मोजली जाते.

हा काल शिथिलनाशी कसा जोडायचा, हे ब्लूमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, आणि त्यांच्या मोजमापांत ग्लिसरीन होते हे इथे आठवण्याजोगे आहे, कारण ग्लिसरीन थंड करत नेले की तोच द्रव जलद फिरण्यापासून मंद फिरण्यापर्यंतची सगळी वाट दाखवतो. टी-१, म्हणजे चुंबकन समतोलाला परतण्याचा काल, लार्मर वारंवारतेच्या, म्हणजे केंद्रक ज्या वारंवारतेने क्षेत्राभोवती आवर्तने घेते तिच्या, आसपासच्या चाळवाचाळवीवर अवलंबून असतो, म्हणजे आजच्या यंत्रांवर शेकडो मेगाहर्ट्झच्या. टी-२, म्हणजे केंद्रकांची आपसांतली लय मोडण्याचा काल, हीच चाळवाचाळव जाणतो, शिवाय शून्याजवळच्या संथ चाळवाचाळवीचाही त्यावर परिणाम होतो. रेणू पुरेसा जलद फिरत असेल तर दोन्ही काल सारखे येतात. रेणू मंद होत गेला की टी-१ आधी उतरतो, लार्मर वारंवारता (रेडियनमध्ये) आणि सहसंबंध काल यांचा गुणाकार ०.६२ झाला की तळ गाठतो आणि पुन्हा चढू लागतो. टी-२ मात्र उतरतच राहतो. ५०० मेगाहर्ट्झवर हा तळ सुमारे ०.२ नॅनोसेकंदाला येतो, आणि २५ पिकोसेकंदांचा आपला लहान रेणू त्यापासून बराच दूर, जलद बाजूला असतो.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे, आणि तो बहुतेक लोक करत नाहीत. रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी म्हणजे १ भागिले (पाय, म्हणजे ३.१४, गुणिले टी-२). रुंदी २० हर्ट्झ असेल तर टी-२ साधारण १६ मिलिसेकंद ठरतो. निव्वळ फिरण्यामुळे प्रोटॉनचा टी-२ एवढा खाली यायचा तर सहसंबंध काल नॅनोसेकंदांच्या बऱ्याच वर, मध्यम आकाराच्या प्रथिनासारखा हवा. त्यासाठी लहान रेणूचे द्रावण पाण्यापेक्षा काहीशे पट दाट असावे लागेल, म्हणजे पाण्याच्या सुमारे हजारपट दाट असलेल्या ग्लिसरीनच्या दिशेने बरीच वाट चालावी लागेल. नळी उलटी केल्यावर द्रावण झटकन खाली येत असेल, तर दाटपणाचे कारण तिथेच निकालात निघते. शिवाय रेणू सगळाच मंद झाला असता तर बेन्झीन वलयाच्या रेषाही सुटल्या नसत्या.

दुसरी हालचाल म्हणजे विनिमय. यात रेणू नुसता फिरत नाही, तर एखादा प्रोटॉन एका रासायनिक परिसरातून दुसऱ्या परिसरात जातो. आपल्या उदाहरणात कार्बोनिल आणि नायट्रोजन यांमधला बंध अंशतः दुहेरी असल्यामुळे त्याभोवतीचे वळण अवघड असते. वळण झाले की ऑक्सिजनच्या बाजूचा मेथिलीन गट बेन्झीन वलयाच्या बाजूला येतो आणि पलीकडचा अलीकडे. हे सेकंदाला काही दहा ते काही शे वेळा घडते. पिकोसेकंदांच्या फिरण्याशी तुलना केली तर ही हालचाल दहा कोटी ते शंभर कोटी पटींनी संथ आहे, आणि संपूर्ण निदान या एका फरकावर उभे आहे. इतक्या संथ हालचालीत शेकडो मेगाहर्ट्झच्या वारंवारतेची चाळवाचाळव नसते, म्हणून टी-१ला तिचा धक्का लागत नाही. लय मात्र मोडते, कारण प्रोटॉन कधी या वारंवारतेने तर कधी त्या वारंवारतेने आवर्तने घेतो आणि प्रत्येक प्रोटॉनचा हिशेब वेगळा पडतो.

म्हणून पहिली कसोटी तापमानाची नव्हे, टी-१ची. साधा इन्व्हर्जन-रिकव्हरी प्रयोग (चुंबकन उलटे करून, विराम देऊन ते किती परतले ते पाहणे) पुरतो, आणि घाई असेल तर संपूर्ण वक्रही नको. रेषा उलटीची सुलटी होताना ज्या विरामाला शून्य होते, त्या विरामाला ०.६९३ने भागले की टी-१ मिळतो. समजा उंचवटे ०.९ सेकंदाला शून्य झाले, तर टी-१ सुमारे १.३ सेकंद. इकडे रुंदीवरून काढलेला टी-२ १६ मिलिसेकंद. दोहोंत ऐंशी पटींचा फरक असेल आणि शेजारच्या रेषा बारीक असतील, तर फिरणे हे कारण असू शकत नाही. आणखी एक खूण याच प्रयोगात फुकट मिळते. दोन्ही उंचवटे एकाच वेळी शून्य होतात, कारण एका सेकंदात त्यांच्यातली अदलाबदल कित्येकदा होऊन गेलेली असते आणि दोन जागांचे वेगळे टी-१ एकमेकांत मिसळून गेलेले असतात. अर्थात त्यामुळे तो आकडा एकाच जागेचा म्हणून कोठे नोंदवू नये. हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो हेही ध्यानात असू द्यावे. वायू काढून टाकलेल्या बेन्झीनचा टी-१ सुमारे २० सेकंद असतो, आणि हवा लागली की तो काही सेकंदांवर येतो. दोन दिवशी मोजलेले टी-१ जुळत नाहीत या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

आता तापवण्याबद्दल. रेणू मंद फिरत असल्यामुळे रेषा रुंद असेल तर तापवल्याने ती बारीक होते. विनिमय आधीच जलद असेल, म्हणजे दोन रेषांची एक झालेली असेल, तर तापवल्याने तीही बारीक होते. दोन कारणे, उत्तर एक. मग कसोटी कसली? उलट विनिमय मंद असेल, आपल्या पिपरिडीनसारखा, तर तापवल्यावर उंचवटे आधी आणखी पसरतात, मग एकमेकांत मिसळतात आणि त्यानंतर कुठे एक बारीक रेषा उगवते. मिसळण्याच्या क्षणी विनिमयाचा वेग रेषांमधल्या हर्ट्झमधील अंतराच्या २.२२ पट असतो. ४०० मेगाहर्ट्झवर १५० हर्ट्झचे अंतर धरले तर सेकंदाला सुमारे ३३०. तेवढ्यापर्यंत तापवलेच नाही तर "तापवून बिघडले" असा शेरा पडतो आणि प्रकरण शुद्धीकरणाकडे वळते. म्हणून एकच तापमान बदलायचे असेल तर मी थंड करणे पसंत करतो. थंड केल्यावर रेषा बारीक झाली तर एका अपवादाव्यतिरिक्त ती विनिमयाचीच असते, कारण थंडीत रेणू अधिक जलद फिरणे शक्य नाही. थंड केल्यावर ती अधिक रुंद झाली, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

याच संदर्भात एक वाईट सवय सांगायला हवी. क्लोरोफॉर्ममध्ये फार तापवता येत नाही म्हणून नमुना डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकामध्ये घेऊन तापवला जातो आणि दोन्ही स्पेक्ट्रम शेजारी ठेवून तुलना होते. डीएमएसओ क्लोरोफॉर्मच्या साडेतीन पटींहून अधिक दाट असते, ध्रुवीयही अधिक असते आणि हायड्रोजन बंध वेगळ्या रीतीने धरते. एका वेळी तीन गोष्टी बदलून कोणती कारणीभूत ठरली हे कोणालाच सांगता येणार नाही. तापवायचेच असेल तर डीएमएसओमधला सामान्य तापमानाचा स्पेक्ट्रम आधी घ्यावा.

थंड केल्यावरच्या निष्कर्षाला जो अपवाद म्हटला तो नायट्रोजनला जोडलेल्या प्रोटॉनचा. पायरोलचा किंवा अमाइडचा एनएच रुंद दिसतो तो पुष्कळदा विनिमयामुळे नव्हे, तर नायट्रोजन-१४च्या चतुर्ध्रुवी केंद्रकामुळे. तो नायट्रोजन स्वतः जलद शिथिल होत असतो, आणि त्याच्याशी असलेले साठ-एक हर्ट्झचे युग्मन (शेजारच्या केंद्रकामुळे रेषा फाकणे) प्रोटॉनला अर्धवट जाणवते, म्हणून तीन रेषांऐवजी एक पसरट टेकडी येते. इथे गंमत अशी की तापवल्यावर रेणू जलद फिरतो, त्यामुळे नायट्रोजनचे शिथिलन मंदावते, युग्मन अधिक स्पष्ट जाणवू लागते आणि रेषा अधिकच रुंद होते. फिरणे वाढले आणि रेषा पसरली, हे वाचून विचित्र वाटले तरी गणित सरळ आहे. नायट्रोजन-१४वर डीकपलिंग, म्हणजे युग्मन पुसणारे किरणन, दिले की रेषा आकसते, आणि संशय तिथेच फिटतो.

टी-१ आणि टी-२ यांच्यातला हा भेद किती नाजूकपणे काम करतो, हे पाहायचे असेल तर साध्या पाण्याहून चांगला नमुना नाही. पाण्यातल्या ऑक्सिजनपैकी फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन-१७ असतो. त्याला जोडलेल्या प्रोटॉनची वारंवारता युग्मनामुळे सहा जागी फाकलेली असते. पाण्यात प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत असतात, आणि पीएच ७ च्या आसपास या उड्या सर्वांत संथ, म्हणजे एका रेणूवर सुमारे एक मिलिसेकंद मुक्काम, अशा होतात. एखादा प्रोटॉन तेवढा वेळ ऑक्सिजन-१७च्या सोबत राहिला की त्याची लय इतरांपासून सुटते, आणि तो पुढे गेला तरी सुटलेली लय परत येत नाही. त्यामुळे उदासीन पाण्याचा टी-२ त्याच्या टी-१पेक्षा स्पष्टपणे लहान भरतो. मग त्यात आम्लाचा किंवा अल्कलीचा थेंब टाकावा : मुक्काम इतका आखूड होतो की लय सुटायला वेळच मिळत नाही, आणि टी-२ वाढून टी-१ला जाऊन मिळतो. या सगळ्यात टी-१ जागचा हलत नाही. माइबूम यांनी १९६१ मध्ये याच मार्गाने पाण्यातल्या प्रोटॉन-उड्यांचा वेग काढला. द्रव तोच, दाटपणा तोच, रेणूंचे फिरणेही तेच. फक्त पीएच बदलला.

इथूनच एक व्यावहारिक युक्ती निघते. संशयित रेषा हायड्रॉक्सिल, अमीन किंवा आम्ल यांच्या प्रोटॉनची असेल तर आम्लाचा अंश, पाण्याचा अंश किंवा द्रावणाची तीव्रता बदलून पाहावी. इथेनॉलमध्ये आम्लाचा लवलेश असला तरी हायड्रॉक्सिल आणि शेजारचे मेथिलीन यांतले युग्मन पुसले जाते, आणि कोरड्या डीएमएसओमध्ये तेच युग्मन ठळक दिसते. ड्यूटेरोक्लोरोफॉर्म जुने झाले की त्यात थोडे आम्ल तयार होते. काल दिसलेली फाट आज दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा त्या बाटलीतच असते.

निदान पक्के करण्यासाठी पुढची पायरी सीपीएमजीची. कार आणि पर्सेल यांची १९५४ ची पल्समालिका आणि माइबूम व गिल यांनी १९५८ मध्ये केलेली तिची दुरुस्ती मिळून हे नाव झाले आहे. लय सुटत असताना १८० अंशांच्या पल्स देत राहिले तर सुटलेली लय पुन्हा जुळते, मात्र दोन पल्समधल्या अवधीत प्रोटॉनने जागा बदलली नाही तरच. म्हणून पल्समधले अंतर १० मिलिसेकंदांवरून अर्ध्या मिलिसेकंदावर आणले आणि टी-२ वाढला, तर विनिमय आहेच. फिरण्यामुळे होणारे शिथिलन पिकोसेकंद-नॅनोसेकंदांचे असल्याने या पल्स त्याला गाठू शकत नाहीत आणि टी-२ आहे तिथेच राहतो. ही कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते, पण तिच्यात दोन खड्डे आहेत. पहिला, प्रोटॉन-प्रोटॉन युग्मन : संथ पल्समालिकेत बहुरेषा एकोच्या तीव्रतेत लाटा उमटवतात आणि त्यांना विनिमय समजण्याची चूक सहज होते, म्हणून शक्य तिथे एकेरी रेषा निवडावी. आपले पिपरिडीन याच कारणाने सीपीएमजीसाठी चांगला नमुना नाही. दुसरा, तापणे : जलद पल्समालिका नमुना तापवते, विशेषतः क्षारयुक्त जलीय द्रावण. पाण्याच्या रेषेची जागा दर अंशाला सुमारे ०.०१ पीपीएम सरकते, त्यावर डोळा ठेवला की तापमान घसरल्याचे किंवा चढल्याचे लगेच कळते.

पिपरिडीनसारख्या मंद विनिमयात, जिथे दोन्ही रेषा अजून वेगळ्या दिसतात, त्याहून सोपा पुरावा उपलब्ध आहे. ३.७ च्या उंचवट्यावर मंद किरणन देऊन तो संपृक्त करावा आणि ३.३ कडे पाहावे. तोही खाली बसला, तर संपृक्त झालेले प्रोटॉन चालत तिकडे पोहोचले आहेत. फोर्सेन आणि हॉफमन यांनी १९६३ मध्ये ही पद्धत वेग मोजण्यापर्यंत नेली. लहान रेणूंत एनओईमुळे, म्हणजे जवळच्या प्रोटॉनांमधल्या चुंबकीय देवाणघेवाणीमुळे, शेजारची रेषा वाढते आणि विनिमयामुळे घटते, त्यामुळे गल्लत होत नाही. मोठ्या रेणूंत मात्र एनओईची खूण उलटी होते आणि दोन्ही परिणाम एकसारखे दिसतात, तिथे रोएसी प्रयोगाचा आधार घ्यावा लागतो, कारण त्यात या दोहोंच्या खुणा पुन्हा विरुद्ध दिसतात.

दोन वेगळ्या क्षेत्रांची यंत्रे हाताशी असतील तर रुंदी हर्ट्झमध्ये मोजून तुलना करावी. पीपीएममध्ये मोजली तर सारेच फसते. विनिमय जलद असेल तर त्याने घातलेली जादा रुंदी क्षेत्राच्या वर्गाने वाढते, म्हणजे ४०० वरून ८०० वर चौपट. मंद असेल तर बदलत नाही. क्षेत्राच्या वर्गाने वाढणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रासायनिक विस्थापनाची असमदिशता, म्हणजे रेणूच्या दिशेनुसार रेषेची जागा बदलणे. फ्लोरिन, फॉस्फरस किंवा कार्बोनिल कार्बन यांच्या बाबतीत ती विसरून चालणार नाही. सीपीएमजीच्या पल्समधले अंतर बदलून ती हलत नाही आणि विनिमय हलतो, एवढ्यावर दोहोंत निवड करता येते.

या सगळ्यातून निसटणारा एक प्रकार म्हणजे धातूंचे अंश. मँगनीजचे सूक्ष्म प्रमाणही पाण्यातल्या प्रोटॉनचा टी-२ त्याच्या टी-१पेक्षा कितीतरी अधिक खाली आणते, त्यामुळे गुणोत्तर पाहून विनिमयाचे निदान होते. ते अगदीच चूक नसते, कारण पाण्याचे रेणू खरोखरच आयनावर बसून उठत असतात, पण आपल्या रेणूत कसलाही विनिमय नसतो. रेणूचा जो भाग धातूला धरू शकतो, उदाहरणार्थ कार्बोक्सिलेट किंवा इमिडॅझोल, त्याच्याच जवळच्या रेषा पसरल्या असतील तर धातूंना धरून ठेवणारे ईडीटीए चिमूटभर टाकून पाहावे. लहान रेणू प्रथिनाला धरत-सोडत असेल तेव्हाही असेच मिश्रण होते. बांधलेल्या अवस्थेतले मंद फिरणे मोकळ्या रेणूच्या रेषेत उतरते, आणि केवळ १ टक्का रेणू बांधलेले असले तरी रुंदीत फरक दिसतो. तिथे फिरणे की विनिमय हा प्रश्नच चुकीचा ठरतो, कारण विनिमय वाहक असतो आणि फिरणे हा माल.

कारण फिरणे निघाले तर उपाय थोडके आहेत : द्रावण पातळ करावे, कमी दाट द्रावक घ्यावा, तापवावे, आणि रेणू एकत्र गोळा होत आहेत का ते वेगवेगळ्या तीव्रतांवर तपासावे. कारण विनिमय निघाले तर आधी आपल्याला काय हवे ते ठरवावे. दोन वेगळ्या रेषा हव्या असतील तर थंड करावे आणि उच्च क्षेत्राच्या यंत्रावर जावे. एकच सरासरी रेषा हवी असेल तर तापवावे आणि कमी क्षेत्राचे यंत्र घ्यावे, कारण १५० हर्ट्झचे अंतर ६०० मेगाहर्ट्झवर २२५ होते आणि मिसळायला सेकंदाला ३३० ऐवजी ५०० चा वेग लागतो. कोपऱ्यात पडलेले जुने २०० मेगाहर्ट्झचे यंत्र चालू असेल, तर या एका कामात ते नव्या यंत्राला मागे टाकते.